वाचणारा एक, ऐकणारे दहा

यंदाच्या नाताळाआधीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळा मोहल्ला त्यांना 'बाई' म्हणतो, कारण निम्म्या मोहल्ल्याला पाढे त्यांनीच शिकवले आहेत. बाई ख्रिस्ती. नाताळाआधीचे चार आठवडे दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी दहा-बारा माणसे जमतात आणि बायबल मोठ्याने वाचतात. वर्षानुवर्षे हे चालू आहे आणि आम्ही वर्षानुवर्षे त्या दारावरून जातो. यंदा बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, म्हणून चहापाण्याचे बघायला आम्ही आणि आमच्या शेजारच्या खाला गेलो. चहा देऊन परत यायचे, एवढाच बेत होता. पण खाला एकदा टेकल्या की अजान झाल्याशिवाय उठत नाहीत, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

बसलो, ऐकले. एक रिक्षावाले काका, सरकारी दवाखान्यातल्या एक नर्स, नववीतला एक मुलगा, दोन-तीन म्हाताऱ्या. पुस्तक एकच. ज्याच्या हातात ते येई त्याने पाच-सहा वचने वाचायची आणि उजवीकडे द्यायचे. मुलगा 'अलीशिबा' या नावावर तीनदा अडखळला. कुणी हसले नाही, कुणी घाई केली नाही. एका आजीबाईंना दिसत नव्हते. शेजारची बाई कानात एकेक वाक्य सांगत होती आणि आजी ते खणखणीत आवाजात म्हणत होत्या. म्हणजे वाचायची पाळी त्यांचीही चुकली नाही. अध्याय संपल्यावर थोडा वेळ सगळे गप्प. मग बाईंनी विचारले, "काय ऐकलंत?" काय कळलं, असे नाही विचारले. त्यांनी शाळेत चाळीस वर्षे काढली, त्यांना या दोन प्रश्नांतला फरक माहीत असणार.

त्या दिवशीचा पाठ लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय होता. जखऱ्या नावाचे एक वृद्ध, त्यांची बायको वांझ, दोघांचे वय उताराला लागलेले. देवदूत येऊन मुलगा होण्याची बातमी देतो आणि जखऱ्यांची वाचा बंद होते. मुलगा होतो, नातेवाईक बापाचेच नाव ठेवा म्हणतात, आई 'योहान' म्हणते, आणि मुका बाप पाटीवर तेच नाव लिहितो. मधेच खालांनी आमचा दंड धरला. "हे तर आपले जकरिया अलैहिस्सलाम!" कुजबुजायचे म्हणून त्या बोलल्या, पण ते सगळ्यांनाच ऐकू गेले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हो, तेच."

परत येताना खालांनी विचारले, "आपल्या कुरआनात आहे हे?" आहे म्हटले, सूरह मरयममध्ये, सोळाव्या सिपाऱ्यात. योहान म्हणजे आपले हजरत यह्या (अ.). खाला भर गल्लीत उभ्या राहिल्या. त्या फजरनंतर रोज एक सिपारा पढतात, पन्नास वर्षे झाली. न पढण्याचे दिवस, बाळंतपणे आणि आजारपणे वजा केली तरी पाचशे खत्म कुठे गेले नाहीत. म्हणजे सूरह मरयम पाचशे वेळा त्यांच्या ओठांवरून गेली. खाला म्हणाल्या, "पाचशे वेळा पढलं, आणि गोष्ट कळली ती बाईंच्या घरी."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना, म्हणून हा महिना त्याच्यावर खर्च करतो आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. खालांची तिलावत वाया गेली असे आम्ही म्हणत नाही आणि कुणी म्हणूही नये. एकेका अक्षराला दहा नेक्या, हे प्रेषित (स.) यांनी सांगून ठेवले आहे, त्यात 'अर्थ कळला तरच' अशी अट नाही. पण नेकीची मोजदाद अल्लाहकडे आहे. आपल्या घरात काय घडते ते बघायचे काम आपले. आणि आपल्या घरात असे घडले आहे की कुरआन पढणारी बाई त्यातली आपल्यासारखीच एक बाई, हजरत मरयम, हिला कधी भेटलीच नाही.

दुसरी गोष्ट, कारण पत्रे येणारच: बायबलवाचनाला गेलात कशाला? गेलो ते शेजारी म्हणून, ऐकले ते पाहुण्यासारखे. त्यांची प्रार्थना सुरू झाली तेव्हा आम्ही आतल्या खोलीत कपबशा विसळत होतो. हा प्रश्न काही आजचा नाही. मदीनेत यहुदी मंडळी तौरात इब्रानी भाषेत वाचून मुसलमानांना अरबीत समजावून सांगत असत. सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे, की त्यावर प्रेषित (स.) यांनी सांगितले, त्यांना खरेही म्हणू नका, खोटेही म्हणू नका, आमचा अल्लाहवर आणि त्याने उतरवलेल्यावर ईमान आहे, एवढे म्हणा. इंजील अल्लाहने उतरवली यावर आपले ईमान आहे. आजचे बायबल जसेच्या तसे तीच इंजील आहे असे आपण मानत नाही. या दोन्ही गोष्टी मनात ठेवून शेजाऱ्याच्या घरी शांत बसता येते. खालांना तरी आले.

आणि यहुद्यांच्या त्या पद्धतीत आपल्या ओळखीचा एक शब्द दडलेला आहे. बाबिलच्या बंदिवासातून परतल्यावर सामान्य यहुदी माणसाच्या तोंडी आरामी भाषा बसली होती, इब्रानी त्याला नीट कळेना. तेव्हा त्यांच्या प्रार्थनागृहात अशी रीत पडली की एकाने तौरातचे एक वचन इब्रानीत वाचायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याने ते लगेच आरामीत सांगायचे. सांगणाऱ्याने कागदात बघून वाचायचे नाही, तोंडी सांगायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला मूळ कोणते आणि उलगडा कोणता याचा घोळ होत नाही. या उलगड्याला ते 'तारगुम' म्हणत. आपला 'तर्जुमा' त्याच कुळातला.

बायबलच्या जुन्या करारात नहेम्या नावाचे पुस्तक आहे, त्यात अशा वाचनाचे एक मोठे दृश्य आहे. यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभे राहून एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत धर्मशास्त्र वाचतात. (आपले अनेक मुफस्सिर यांनाच हजरत उजैर म्हणतात.) समोर पुरुष आहेत, बायका आहेत, समजण्याइतकी मोठी झालेली मुले आहेत. काही जण लोकांमध्ये राहून अर्थ सांगतात. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. आम्हाला या दृश्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. बायका आणि मुले मागे, पडद्याआड, जमले तर ऐकतील अशी नव्हती. ती मोजणीत होती. आणि रडू आले ते अर्थ पोहोचल्यावर.

ख्रिस्ती लोकांनी ही रीत पुढे नेली. इसवी सन 150च्या आसपास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या लेखकाने आपल्या लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात सभेची सुरुवातच वाचनाने होते. वेळ असेल तितके वाचायचे, मग प्रमुखाने चार शब्द सांगायचे. पुस्तक हाताने लिहायचे, महाग, आणि अक्षर येणारा दहांत एखादा. म्हणून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. ती गरिबीची सोय होती, पण तिच्यातून माणसे एका जागी बसली.

आपल्या मराठीतही हे घडले आहे, आणि चारशे वर्षांपूर्वी. इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले आणि त्यांनी बायबलातली कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचली. तो 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ 1616 साली रायतूरला छापला गेला. आदमपासून ईसापर्यंतची हकिकत, पण बाज सगळा पुराणिकाचा. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि ऐकायला काही उरले नव्हते. ग्रंथाच्या आरंभीच कुणीतरी पाद्रीबाबांना तसे बोलून दाखवतो, तिथून कथा सुरू होते. ओवी घेतली ती डोळ्यांसाठी नव्हे, कानासाठी. चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी हे पुराण मोठ्याने वाचले जाई, लोक ऐकत. पुढे त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज राजवटीने लोकांच्या बोलीवर बंदीचा हुकूम काढला. छापील जुन्या आवृत्त्यांतली एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. ऐकायचे असते त्याची माणूस नक्कल करतो.

नंतर 1805 साली बंगालातल्या सिरामपूरहून मत्तयचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले आणि पुढे भाषांतरे होत राहिली. पण एक तक्रार राहिलीच, की ही मराठी शास्त्र्या-पंडितांची आहे. ती दूर करायला बसल्या पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा बायका होत्या. त्यांना ऐकून कळेल असे बायबल हवे म्हणून रमाबाई उतारवयात इब्रानी आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सगळे बायबल एकटीने साध्या मराठीत आणले. खिळे जुळवायला आणि छापायला त्याच सदनातल्या बायका. रमाबाई 1922च्या एप्रिलमध्ये वारल्या, पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला. धर्माच्या बाबतीत त्यांचा रस्ता आणि आपला रस्ता वेगळा. पण ऐकणाऱ्या बाईला कळायला हवे म्हणून म्हातारपणी दोन भाषा शिकणे, यापुढे आम्ही तरी मान खाली घालतो.

आता आपल्याकडे. 'कुरआन' या शब्दातच मोठ्याने वाचणे आहे. आपला ग्रंथ आधी कानांना मिळाला, कागदाला नंतर. रमजानच्या रात्री हजरत जिब्रील (अ.) येत आणि प्रेषित (स.) त्यांच्यासोबत कुरआनचा दौर करत. एकदा प्रेषित (स.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांना पढून दाखवायला सांगितले. ते चकित झाले, कारण कुरआन ज्यांच्यावर उतरला त्यांनाच ऐकवायचा? उत्तर मिळाले, की मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडते. इब्ने मसऊद (रजि.) सूरह निसा पढू लागले, आणि एका आयतीपाशी प्रेषितांनी (स.) पुरे म्हटले, वर पाहतात तो त्यांचे डोळे वाहत होते. सहीह मुस्लिममध्ये तर अल्लाहच्या घरात जमून त्याचा ग्रंथ पढणाऱ्या आणि आपापसांत त्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांवर सकीनत उतरते असे आले आहे. 'आपापसांत अभ्यास' हे त्यातले शब्द आपण पुष्कळदा गाळून वाचतो.

आणि बाईंच्या घरी सूरह मरयमची आठवण यावी, यातही एक जुने नाते आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबश्याला गेले. कुरैशांचे वकील नजराणे घेऊन मागोमाग पोहोचले आणि यांना आमच्या ताब्यात द्या म्हणाले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती. त्याने हजरत जाफर (रजि.) यांना विचारले, तुमच्या प्रेषितांनी आणलेले काही तुझ्यापाशी आहे का? जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमचा आरंभ पढला. नजाशी दाढी भिजेपर्यंत रडला. पाद्री आपले ग्रंथ समोर उघडून बसले होते. त्यांच्या आसवांनी पाने भिजली. ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचवली ती उम्मे सलमा (रजि.) यांनी, त्या स्वतः त्या मुहाजिरांत होत्या. म्हणजे ही सूरह ख्रिस्ती दरबारात मोठ्याने वाचली गेली आणि तिने आपल्या माणसांना आसरा मिळवून दिला. आमच्या खाला मात्र तिला गल्लीच्या टोकाला भेटल्या.

मग आम्ही आपल्या कुरआनख्वानीकडे पाहिले. घरात मौत झाली, जियारत असली, नवे दुकान उघडले की तीस सिपारे वाटले जातात. तीस माणसे तीस जागचे एकदम पुटपुटत पढतात, पाऊण तासात खत्म होतो, दस्तरखान पडतो. जे हे करतात ते प्रेमाने करतात, आम्हीही करतो. पण कुरआन पढला जात असताना कान देऊन ऐका, गप्प राहा, असा सूरह आराफमध्ये हुकूम आहे; तीस जण एकदम पढताना कुणी कुणाचे ऐकायचे? वाचणारे तीस आणि ऐकणारा एकही नाही. बाईंच्या घरी वाचणारा एक आणि ऐकणारे दहा होते. फरक आम्हाला डाचला तो इथे.

खालांनी आठवडाही जाऊ दिला नाही. रविवारी असर आणि मगरीबच्या मध्ये त्यांच्या ओसरीत पाच घरच्या बायका आणि मुली जमवल्या. हिफ्ज करणारी एक भाची आहे, ती एक रुकू अरबीत पढणार. मग त्याचा मराठी तर्जुमा आळीपाळीने, पुस्तक उजवीकडे सरकवत. सुरुवात अर्थातच सूरह मरयम. खालांचा मुलगा मात्र बिथरला. आलिमाशिवाय तर्जुमा वाचून मनाला येईल तो मतलब काढायचा, यातूनच फितने झाले, असे त्याचे म्हणणे. घरात दोन दिवस अबोला. आम्हाला त्याची भीती अगदीच खोटी वाटली नाही. भ्रमणध्वनीवर एक आयत पाहून फतवा देणारी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. शेवटी ठरले ते असे: फक्त वाचायचे, कुणी अर्थ सांगायचा नाही. प्रश्न पडला तर वहीत लिहायचा आणि वही इमामसाहेबांकडे पाठवायची. इमामसाहेबांनी एवढेच सांगितले, की वही गुरुवारपर्यंत द्या, म्हणजे तफसीर बघून उत्तर लिहिता येईल. मुलगा आता दर गुरुवारी स्वतः वही पोहोचवतो. आधी उघडून वाचतो, हे खालांना माहीत आहे.

भाषेची अडचण मोठी. तर्जुम्यातले कितीतरी शब्द आमच्या बोलण्यात नसतात. रमाबाईंची तक्रार शंभर वर्षांनी आमच्या ओसरीत आली. खालांची सून उर्दू शाळेत शिकलेली, तिला देवनागरी वाचताना बोट ठेवावे लागते. पहिल्या दिवशी ती "मला डोकं दुखतंय" म्हणून पुस्तक पुढे देऊ लागली. खालांनी ते परत तिच्याच मांडीवर ठेवले. बाईंच्या घरची ती आजी खालांनी नीट पाहिली होती. आमच्यातली एक शेजारी बसून हळू सांगू लागली आणि सून मोठ्याने म्हणू लागली.

वहीतले प्रश्न पाहण्यासारखे आहेत. चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न: मरयम (अ.) एकट्याच का गेल्या, सोबत कुणालाच का नेले नाही? तीन मुलांच्या आईचा प्रश्न: बाळंतकळा येत असताना खजुराचे खोड हलवायला का सांगितले, अल्लाहने खजूर आपोआप का नाही पाडला? आम्ही इतकी वर्षे ही सूरह जाणतो, पण असे प्रश्न आम्हाला सुचले नव्हते. मौलानांनाही दुसऱ्याचे उत्तर लिहायला एक आठवडा जास्त लागला.

दुसऱ्या रविवारी दुसरा रुकू होता. मरयम (अ.) लोकांपासून दूर गेल्या आहेत, कळा त्यांना खजुराच्या बुंध्यापाशी घेऊन येतात, आणि त्या म्हणतात की यापूर्वीच मी मेले असते, विसरून गेलेली असते, तर बरे झाले असते. सून बोट ठेवून वाचत होती. खाला म्हणाल्या, "थांब. परत वाच." तिने परत वाचले. खालांनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. मग कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "पहिल्या वेळी मी पण हेच म्हणाले होते. पावसाळा होता, वस्तीवर कुणी नव्हतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या गुन्ह्याचं बोलले, अल्लाह माफ करेल का. कुणाला सांगितलं नाही." ते मूल जगले नव्हते, एवढे आम्हाला माहीत होते. बाकीचे त्यांच्या मुलीलाही माहीत नव्हते. ती समोरच बसली होती. बावन्न वर्षे एक बाई ज्या वाक्याला गुन्हा समजून मनात दाबून बसली, तसेच वाक्य तिच्या रोजच्या पढण्यात होते, आणि त्या वाक्यावर अल्लाहने मरयमला रागावलेले नाही. खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, आणि पायाशी पाण्याचा झरा असतो.

ओसरीत कुणी बोलले नाही. सुनेने पुस्तक खाली ठेवायला घेतले. खाला म्हणाल्या, "पुढं वाच, खजुराचं राहिलंय."

नंतर खालांनी एका डब्यात खजूर भरून बाईंकडे पाठवले, आणि सांगितले की गुडघा बरा झाला की ओसरीत येऊन बसा, आमचंही ऐका. तिसरा रुकू हजरत इब्राहीम (अ.) यांचा आहे. सुरुवात वाचायची पाळी पुन्हा सुनेची, आणि ती आठवडाभर स्वयंपाकघरात जोडाक्षरे घोटते आहे.